हमीपत्रातला ‘मी’

जुन्या मजकुरातले शब्द खोडून किंवा कापून केलेली कविता कुणापुढे ठेवली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : यात कवीचं काय? शब्द दुसऱ्याचे, क्रम दुसऱ्याचा, अर्धाअधिक अर्थही उसना. हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. मराठी वाचकाच्या तोंडी तो यावा याला चारशे वर्षांहून जुनं कारण आहे. शके 1506 मध्ये, म्हणजे इसवी सन 1584 च्या सुमारास, एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि शेवटी बजावून ठेवलं की ज्ञानेश्वरीच्या पाठात जो आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. नरोटी म्हणजे नारळाची करवंटी. दुसऱ्याच्या शब्दांना हात लावायचा नाही, हा संस्कार आपल्याकडे इतका खोल आहे.

पण नाथांचा राग कशावर होता तेही पाहायला हवं. नाव न सांगता ओव्या घुसडल्या जात होत्या आणि त्या ज्ञानदेवांच्या म्हणून वाचल्या जात होत्या. जुन्या मजकुरावर काही रचणं त्यांना वर्ज्य असतं तर भागवताच्या अकराव्या स्कंधावर त्यांनी स्वतः एवढा ग्रंथ लिहिलाच नसता. मूळ कुठे संपतं आणि आपलं कुठे सुरू होतं हे वाचकाला दिसलं पाहिजे, एवढीच त्यांची अट. खोडून केलेल्या कवितेला, जिला हल्ली ब्लॅकआउट किंवा इरेझर कविता म्हणतात, मी हीच अट लावतो. मूळ मजकूर कोणता ते सांगा. मग तो शेजारी ठेवून मी तुमची कविता वाचीन. मूळ लपवलं असेल तर पुढे बोलण्यासारखं काही उरत नाही.

उसन्या ओळींच्या कवितेचं आपल्या बाजूचं सगळ्यात थोर उदाहरण पॅरिसमधलं किंवा न्यूयॉर्कमधलं नाही. राष्ट्रकूटांच्या काळातले जैन आचार्य जिनसेन, जे अमोघवर्ष राजाचे गुरू मानले जातात, त्यांनी ‘पार्श्वाभ्युदय’ नावाचं काव्य रचलं. श्लोक 364. प्रत्येक श्लोकात कालिदासाच्या मेघदूताची एक किंवा दोन ओळी जशाच्या तशा, बाकीच्या ओळी जिनसेनांच्या. असं करत अख्खं मेघदूत त्यांनी आपल्या काव्यात विणून टाकलं. हे काम किती अवघड आहे, ते मंदाक्रांता वृत्त ठाऊक असलेल्यालाच कळेल. ओळीत सतरा अक्षरं, चारावर थांबा, मग सहावर, मग सातावर. उसनी ओळ जिथे सुटते तिथे तुमची ओळ त्याच लघुगुरूने उभी राहिली पाहिजे, वाक्यही तुटता कामा नये, आणि रामगिरीवरच्या यक्षाचं विरहाचं बोलणं तपश्चर्येत उभ्या असलेल्या तीर्थंकर पार्श्वनाथांच्या कथेत शिरलं पाहिजे. कालिदासाची ओळ तीच राहते आणि तिच्या पायाखालची जमीन बदलते. प्रेमाची आर्जवं इथे तपस्व्याला ढळवण्याचा प्रयत्न म्हणून वाचावी लागतात.

आणि याचं फळ बघा. हातानं नकला होत होत्या त्या शतकांत मेघदूतात भरीचे श्लोक शिरले. कोणते श्लोक जुने हे ठरवताना अभ्यासकांना आधार मिळाला तो या उसनवारीचा, कारण जिनसेनांच्या विणीत मेघदूताचा फार जुना पाठ जसाच्या तसा अडकून राहिला होता. संस्कृतचे अभ्यासक का. बा. पाठक यांनी तो पार्श्वाभ्युदयातून सोडवून 1894 मध्ये पुण्यात छापला. ज्याने ओळी उचलल्या त्यानेच त्या राखल्या. म्हणून ‘दुसऱ्याच्या शब्दांवर डल्ला’ असं कुणी सरसकट म्हटलं की मला रामटेकचा तो डोंगर आठवतो, ज्याला संशोधक वा. वि. मिराशींनी मेघदूतातला रामगिरी मानलं.

युरोपातही हे जुनंच आहे. चौथ्या शतकात ऑसोनियस या लॅटिन कवीने त्याच्या आधीच्या रोमन महाकवी व्हर्जिलच्या ओळी जोडून लग्नाचं काव्य केलं आणि वर नियमही लिहून ठेवले : अर्धी ओळ घ्या, पण एकाच ठिकाणच्या सलग दोन ओळी उचलू नका, तो दुबळेपणा. विसाव्या शतकात त्रिस्तान झारा या दादावादी कवीने 1920 मध्ये सांगितलेली कृती सगळ्यांना पाठ आहे. वर्तमानपत्रातला एक लेख कापा, त्यातला शब्द न् शब्द सुटा करा, पिशवीत घालून हलवा, एकेक काढा आणि त्याच क्रमाने उतरवून घ्या.

ही पिशवी मराठीत वेगळी वागते, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. इंग्रजी बातमी कापली की पिशवीत ऑफ, टू, द असल्या तुकड्यांचा भुगा साठतो, कारण नातं दाखवणारे शब्द तिथे सुटे असतात. मराठीत नातं शब्दाच्या पाठीवरच बसलेलं असतं. ‘शेतकऱ्यांना’, ‘धरणातून’, ‘मंत्र्यांनी’, ‘पावसाचा’ हे चार तुकडे कोणत्याही क्रमाने पडोत, कोण, कुणाला, कुठून हे थोडंफार उरतंच. त्यामुळे मराठी पिशवीतून निव्वळ गोंधळ क्वचितच बाहेर येतो, बऱ्याचदा अर्धवट वाक्यं येतात. अडचण लिंगाची. ‘मुसळधार’ कुणाबरोबरही चालतं, पण ‘मोठी’ आणि ‘पाऊस’ शेजारी आले की कान लगेच अडतो. असं अडणं चांगलं की वाईट, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं ठरवावं लागतं. मला स्वतःला पिशवीपेक्षा खोडण्यात जास्त रस आहे. पिशवीत निवड नशिबाची असते, खोडताना मात्र प्रत्येक शब्दाची जबाबदारी हाताला घ्यावी लागते.

खोडकामाचा मोठा माणूस म्हणजे लंडनचा चित्रकार टॉम फिलिप्स. 1966 मध्ये त्याने तीन पेन्सला एक विसरलेली कादंबरी विकत घेतली, डब्ल्यू. एच. मॅलॉकची, 1892 ची. तिचं पान न् पान तो रंगवत गेला आणि मधे थोडे शब्द उघडे ठेवत गेला. त्या पुस्तकाचं नाव झालं ‘अ ह्यूमुमेंट’. पन्नास वर्षं तो त्याच पानांकडे पुन्हा पुन्हा जात राहिला, शेवटची आवृत्ती 2016 ची. त्याच्या नायकाचं नाव टोज. हे नाव ‘टुगेदर’ किंवा ‘ऑलटुगेदर’ हा शब्द पानावर असेल तरच सापडतं, कारण ते त्या शब्दाच्या पोटात आहे. म्हणजे ‘एकत्र’ हा शब्द नसेल त्या पानावर नायकाला जन्मच नाही. एकटेपणाने भरलेल्या माणसासाठी याहून नेमका नियम मला सुचत नाही. उघडे शब्द एकमेकांना जोडायला तो शब्दांमधल्या पांढऱ्या फटींतून वाट काढायचा. छपाईवाले त्या फटींच्या साखळीला नदी म्हणतात, आणि पानावर ती खरोखरच नदीसारखी वळणं घेत उतरते.

अशी कविता समोर आली की मी आधी मूळ मजकूर शोधून वाचतो. मग उरलेल्या शब्दांपेक्षा गेलेल्या शब्दांकडे जास्त वेळ देतो. कर्ता खोडला की कर्म? आकडे ठेवले की नावं? नियम काय दिसतो, क्रम पाळायचा, अक्षरं तोडायची नाहीत, असा काही? आणि तो कुठे मोडला? चांगल्या कवितेत नियम मोडतो त्या जागी काहीतरी घडलेलं असतं. एवढं करायला तासभर लागतो, आणि तो न देता दिलेल्या ‘वा’ला किंवा ‘छे’ला मी फारशी किंमत देत नाही.

श्रीकांत रेड्डी या अमेरिकन कवीचं ‘व्हॉयेजर’ (2011) असंच वाचावं लागतं. संयुक्त राष्ट्रांचे माजी महासचिव कुर्ट वाल्डहाइम यांच्या आठवणींचं पुस्तक त्याने तीनदा खोडलं आणि त्यातून आपल्या पुस्तकाचे तीन वेगळे भाग काढले. वाल्डहाइम यांनी आपल्या युद्धकाळातल्या नोकरीबद्दल बरंच काही दडवलं होतं. ज्याने स्वतःच्या आयुष्यातली पानं खोडली, त्याचंच पुस्तक खोडायला घेणं, ही निवडच अर्धी कविता आहे. 1977 मध्ये व्हॉयेजर अंतराळयानाबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली ध्वनिमुद्रित तबकडी गेली तिच्यावर याच वाल्डहाइम यांचा आवाज आहे. त्याच तबकडीवर गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची ‘जात कहां हो’ ही भैरवी आहे आणि मराठीतलं एक अभिवादनही आहे. हे सगळं एकाच खाचेतून फिरतंय हे कळल्यावर त्या पुस्तकाचं नाव माझ्या कानाला वेगळं लागायला लागलं.

आता ज्या पुस्तकापाशी थांबायलाच हवं ते. 1781 मध्ये ‘झाँग’ नावाच्या गुलामवाहू जहाजावरून 130 हून अधिक आफ्रिकन माणसं जिवंत समुद्रात फेकली गेली. कारण सांगितलं पाण्याच्या टंचाईचं. मालकांनी बुडालेल्या ‘माला’चा विमा मागितला. 1783 मध्ये लंडनच्या न्यायालयात खटला चालला तोही विम्याचा, खुनाचा नव्हे. त्या ‘ग्रेगसन विरुद्ध गिल्बर्ट’ खटल्याचा छापील वृत्तान्त जेमतेम दोन पानांचा आहे. टोबॅगोत जन्मलेल्या आणि कॅनडात वकिली केलेल्या एम. नूर्बेसी फिलिप यांनी त्या दोन पानांतच स्वतःला कोंडून घेतलं. बाहेरचा शब्द घ्यायचा नाही. 2008 मध्ये ‘झाँग!’ हे पुस्तक आलं.

पहिल्याच पानावर ‘वॉटर’ हा शब्द फुटतो. आधी नुसतं व्यंजन, मग पुन्हा तेच, मग स्वर चिकटतो, जणू घसा कोरडा पडलेला माणूस शब्द उच्चारायचा प्रयत्न करतोय. न्यायालयाच्या कागदात ‘पाण्याची टंचाई’ हे विमा मिळवण्यासाठीचं कारण होतं, इथे ती तहान होते. पुढच्या भागांत शब्द आणखी फुटतात आणि त्या तुकड्यांतून आफ्रिकेतल्या भाषांचे शब्द वर येतात. पहिल्या भागाच्या पानांच्या तळाशी, एका रेघेखाली, बारीक अक्षरांत नावं आहेत. वृत्तान्तात बळींपैकी एकाचंही नाव नाही, ही नावं कवयित्रीने दिलेली, पाण्याखाली असल्यासारखी. मांडणीचा एक नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो : कुठलाही शब्द दुसऱ्या शब्दाच्या अगदी खाली यायचा नाही. प्रत्येकाच्या डोक्यावर मोकळी जागा हवी, श्वास घ्यायला. त्यामुळे हे पुस्तक पाठ करता येत नाही, डाव्या समासाला चिकटवून उतरवून घेता येत नाही. ज्याने जागा मिटवली त्याने कविता मिटवली. शेवटच्या भागात अक्षरं करड्या शाईत एकावर एक छापली आहेत, वाचताच येत नाहीत. आणि सगळ्यात शेवटी तो मूळ वृत्तान्त छापलेला आहे. नाथांची अट इथे पुरी होते.

याच्या उलट काय होतं तेही सांगायला हवं. 2014 मध्ये अमेरिकेतल्या फर्ग्युसन या गावी पोलिसाच्या गोळीने मायकल ब्राउन हा अठरा वर्षांचा मुलगा गेला. 2015 च्या मार्चमध्ये केनेथ गोल्डस्मिथ या कवीने त्याच्या शवविच्छेदनाचा अहवाल ब्राउन विद्यापीठातल्या एका कार्यक्रमात कविता म्हणून वाचला. त्याने शब्दांचा क्रम बदलला होता आणि त्या मुलाच्या गुप्तांगाबद्दलचं एक वाक्य शेवटी आणून ठेवलं होतं. प्रचंड संताप उसळला, आणि तो योग्य होता. अहवाल फक्त उचलला, मी काही केलं नाही, हा बचाव टिकत नाही, कारण शेवटी काय ठेवायचं हे हातानेच ठरवलेलं असतं. चार्ल्स रेझ्निकॉफ या आधीच्या पिढीतल्या अमेरिकन कवीनेही असेच सरकारी, न्यायालयांचे कागद वापरले. जुन्या अमेरिकन निकालपत्रांचे जाडजूड खंड तो वर्षानुवर्षं चाळायचा, एखाद्या खंडातून हाती लागायची एकच घटना, आणि ती तो अशी लिहायचा की साक्षीदाराच्या आवाजाला त्याचा स्वतःचा आवाज कुठे चिकटत नाही. कागद दोघांच्याही हातात सरकारी होता. एकाने त्यातल्या माणसाला बोलू दिलं, दुसऱ्याने त्याच्या देहाचा शेवट सजवला.

हे सगळं वाचून मराठीत करून पाहायचं असेल तर सामानापासून. वर्तमानपत्रावर थेट मार्कर चालवू नका. तो कागद शाई शोषतो, स्पिरिटचा मार्कर शेजारच्या ओळीत पसरतो आणि पाठीमागेही उतरतो. पानाची झेरॉक्स काढा, A4 वरून A3 वर, म्हणजे 141 टक्के मोठी करून, आणि चार-पाच प्रती घ्या, कारण पहिल्या दोन वाया जाणारच. आधी पेन्सिलीने ठेवायच्या शब्दांभोवती चौकट, मग 0.4 किंवा 0.5 मिलिमीटरच्या बारीक टोकाच्या पेनाने चौकटीची बाहेरची कड, आणि शेवटी रुंद मार्कर. उलट क्रमाने गेलात तर मात्रा आणि अनुस्वार खाल्ले जातात. तीनशे शब्दांच्या पानावर वीस ते चाळीस शब्द उरावेत. त्याहून जास्त उरले तर ते नुसतं संपादन होतं.

इंग्रजीत अक्षर सुटं असतं, त्यामुळे शब्दातून शब्द सहज निघतो. आपल्याकडे शिरोरेघ सगळ्यांना बांधून ठेवते. ‘सरकार’मधून ‘सर’ निघतं, ‘कार’ निघतं. ‘कार्यालय’मधून ‘कार’ निघत नाही, कारण तिथला र रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसलेला असतो. ‘नागरिकांनी’मधला ‘नागरिक’ काढता येतो : क चा काना झाकायचा, रेघेवरचा टिंब झाकायचा, शेवटची ‘नी’ झाकायची, झालं. पण ‘पाण्याचा’मधून ‘पाणी’ कधीच मिळत नाही. सामान्यरूप झालं की ण अर्धा होतो आणि शब्दाचं मूळ रूप कागदावरून नाहीसंच झालेलं असतं. म्हणून खोडणाऱ्याला घर, हात, देव, दिवस असे अकारान्त शब्द साथ देतात, घोडा आणि पाणी दगा देतात. रेघ तोडताना शब्दाच्या दोन्ही टोकांना केसभर फट ठेवा, नाहीतर तुकडा तुटल्यासारखा न दिसता अर्धवट झाकल्यासारखा दिसतो. आणि फिलिप्ससारखी नदी काढायची असेल तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी यांच्यामधून वाट काढावी लागते. लहान टाइपात ती सापडतच नाही, मोठी झेरॉक्स त्यासाठीही.

मूळ म्हणून दुसऱ्याची चांगली कविता घेऊ नका, चांगल्यातून बहुतेक वेळा कमी चांगलंच निघतं. शिवाय हक्काचा प्रश्न येतो : आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरची 60 वर्षं पुस्तक त्याच्या वारसांचं असतं, आणि मजकूर विद्रूप केल्याची तक्रार करण्याचा लेखकाचा हक्क वेगळाच. राजपत्र आणि न्यायालयांचे निकाल छापायला कायद्याने मोकळीक आहे. दुसरी खोड मोठी आहे. जाहिरात असो, भूगोल असो, अर्थसंकल्प असो, लोक त्यातून चंद्र, पाऊस, आठवण, वाट एवढेच शब्द वेचतात. मग पन्नास मूळ मजकुरांतून एकच कविता पन्नासदा निघते. मूळचा वास कवितेला लागला पाहिजे. पाणीपट्टीच्या नोटिशीतली कविता पाणीपट्टीचीच वाटली पाहिजे.

अशी नोटीस साधारण कशी असते? ‘पाणीपट्टीची थकबाकी न भरल्यास नळजोडणी खंडित करण्यात येईल. हमीपत्र सादर केल्यास मुदत कमीत कमी पंधरा दिवसांनी वाढविण्यात येईल, याची नोंद घ्यावी.’ या भाषेत ‘मी’ नाही. कोण खंडित करणार तेही नाही, ‘करण्यात येईल’ एवढंच. पण अक्षरं बघा. हमीपत्रात ‘मी’ आहे. ‘कमीत कमी’मध्ये दोनदा ‘मी’ आहे. क्रम न बदलता खोडत गेलं तर उरतं ते असं :

पाणी
खंडित
मी
सादर
मी
मी
पंधरा दिवस
येईल
नोंद

‘दिवसांनी’चा काना, अनुस्वार आणि नी झाकले की ‘दिवस’ मोकळा होतो. आणि ‘येईल’कडे लक्ष द्या. नोटिशीत ते नुसतं सहायक होतं, सवलतीच्या शेपटीला लावलेलं. ‘वाढविण्यात’ गेलं आणि ते एकदम स्वतःच्या पायावर उभं राहिलं : पाणी येईल. भविष्यकाळातल्या या रूपाला लिंग नाही म्हणून हे जमतं. ‘वाढविण्यात आली’ असतं तर स्त्रीलिंग आड आलं असतं आणि पाणी पंधरा दिवसांनीही आलं नसतं. ‘कमीत’मधला त ठेवला तर ‘मीत’ होतो, म्हणजे सोबती. मग नळाशी रिकामी घागर घेऊन एकटं माणूस उभं नसतं, दोघं असतात. मी एका प्रतीत त ठेवतो, एकीत झाकतो, आणि दोन्ही भिंतीला लावून काही दिवस बघतो.

असे लपलेले शब्द सरकारी मराठीत भरपूर आहेत. ‘समिती’त आणि ‘माहिती’त ‘ती’ आहे, ‘मालमत्ते’त ‘माल’ आहे. ‘उपरोक्त हेतूकरिता’ हे तर जवळजवळ प्रत्येक अर्जात असतं. ‘हेतू’ला प्रत्यय लागला तरी त्याचं रूप बदलत नाही, म्हणून तो स्वच्छ निघतो. ‘हे’ आणि ‘तू’ यांच्यामधली रेघ तेवढी बारीक टोकाने तोडायची.